ओला कपडा आणि थंडीतले ऊन

तहारत म्हणजे पाकी, शुद्धता. नमाजसाठी शरीर पाक हवे, जागा पाक हवी आणि कपडा पाक हवा, हे आपल्या घरांत लहान मुलालाही शिकवलेले असते. कपडा पाक कसा करावा याचे नियम फिक्हच्या ग्रंथांत बारकाईने दिलेले आहेत. डोळ्यांना दिसणारी नजासत असेल तर ती निघून जाईपर्यंत धुवायचे. न दिसणारी असेल तर हनफी मताप्रमाणे तीन वेळा धुवायचे आणि प्रत्येक वेळी पिळायचे. जमीन उन्हा-वाऱ्याने वाळली की पाक होते, असे हनफी फकीह मानतात. कपड्याला मात्र ही सवलत नाही. तो नुसता वाळून पाक होत नाही, त्याला पाणी लागतेच.

या सगळ्या नियमांत एक गोष्ट मात्र सापडत नाही. धुतलेला कपडा वाळलेला असावा, अशी अट कोणीही घातलेली नाही. ओला कपडा नापाक नसतो. ओल्या कपड्याने नमाज होते. बुखारीच्या संग्रहात हजरत आयेशा (र.) यांची एक रिवायत आहे. त्या प्रेषितांच्या (स.) कपड्यावरचा डाग पाण्याने धुवून देत आणि प्रेषित (स.) तोच कपडा घालून नमाजला जात, तेव्हा पाण्याचे ओले ठसे कपड्यावर दिसत असत. किती साधे, घरगुती चित्र आहे हे! डाग धुतला, कपडा ओला आहे, नमाजची वेळ झाली, निघाले. कपडा वाळेपर्यंत थांबायला नको आणि ओल दिसते म्हणून लाजायलाही नको.

म्हणजे शरियतने आपल्याकडे पाकी मागितली, कोरडेपणा मागितला नाही. ही रहमत आहे. कोरडेपणाची अट असती तर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात गरिबाची नमाज अडली असती. पण म्हणून कपडा वाळवणे हा नुसता घरकामाचा विषय ठरतो का? ओला कपडा अंगावर घालून थंडीत उभे राहणाऱ्याची नमाज होते हे खरे. त्याचे अंग मात्र थंडच राहते. कायद्याने जिथे मागणे थांबवले तिथे आपली जबाबदारी संपते की सुरू होते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. दोरीवरचा कपडा हे त्याचे निमित्त आहे.

हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमनगरसारख्या ठिकाणी अधिक स्पष्ट दिसतो. शहादा तालुक्यातले हे गाव सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेला तापी, मध्ये ऊस, केळी, कापूस आणि पपईचा सपाट मुलूख. धुळ्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा झाला. उन्हाळ्यात खान्देश भाजून निघतो हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. इथली थंडीही बोचरी असते, हे मात्र बाहेरच्यांना फारसे माहीत नसते. सातपुड्यावर डाब, तोरणमाळच्या बाजूला पारा इतका खाली जातो की डाबला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या काही हिवाळ्यांत वर्तमानपत्रांत येतात. खाली सपाटीवर तेवढी थंडी नसली तरी पहाटे हात पाण्यात घालवत नाही.

आणि नेमका हाच साखर कारखान्यांचा हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू होते आणि मार्चच्या आसपास संपते. ज्या महिन्यांत सर्वांत जास्त माणसे घर सोडून उघड्यावर राहतात, तेच महिने सर्वांत थंड असतात.

थंडीत कपडे वाळत नाहीत, असे आपण सहज म्हणतो. ते पुरते खरे नाही. दहा अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त नऊ-साडेनऊ ग्रॅम पाण्याची वाफ धरू शकते. तीस अंशांना हेच प्रमाण तीस ग्रॅमच्या आसपास जाते. म्हणून पहाटे दहा अंशांवर ओलीने तुडुंब भरलेली हवा दुपारी तीस अंशांपर्यंत तापली की तिच्यात क्षमतेच्या एक-तृतीयांशच ओल उरते आणि बाकीची ती कपड्यातून ओढून घेते. खान्देशातली हिवाळ्याची दुपार या हिशोबाने कपडे वाळवायला फार चांगली. अडचण रात्रीची आहे. सूर्य उतरला की हवा गार होते, दव धरते आणि दोरीवर राहिलेला कपडा सकाळी पुन्हा ओला सापडतो. म्हणून जाणत्या बायका असरनंतर दोरीकडे नजर ठेवतात आणि मगरिबच्या आत कपडे घरात घेतात. थोडक्यात, सकाळी नऊ-दहापासून सायंकाळी पाचपर्यंतचे सात-आठ तास हातात असतात. ज्याला ते तास मिळाले त्याचा कपडा वाळला. ज्याला मिळाले नाहीत त्याने रात्र ओलीत काढली.

ऊन अल्लाहची देणगी आहे, तिला मोल पडत नाही. पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत सगळे भागीदार आहेत, अशी प्रेषितांची (स.) हदीस प्रसिद्ध आहे. त्या यादीत सूर्यप्रकाश नाही. सूर्यावर कोणी मालकी सांगेल, ही गोष्ट तेव्हा कोणाच्या मनातही आली नसेल, असे मला वाटते. विहिरीला कुंपण घालता येते, कुरणावर पहारा बसवता येतो, उन्हाचे काय करणार? पण थोडा विचार केला की लक्षात येते, ऊन फुकट असले तरी ते वापरायला चार गोष्टी लागतात. पहिला वाळेल तोवर घालायला दुसरा कपडा लागतो. दिवसाचा मोकळा वेळ लागतो. दोरी बांधायला जागा लागते. आणि वाळत घातलेल्या कपड्याकडे वाईट डोळ्याने पाहणार नाही अशी नजर लागते. सूर्य अल्लाहचा आहे. या चार गोष्टींची वाटणी आपण करतो.

पहिली गोष्ट दुसऱ्या कपड्याची. एकाच कपड्यात नमाज होते का, असे कोणी तरी प्रेषितांना (स.) विचारले. त्यांनी उलट विचारले, तुमच्यापैकी प्रत्येकाकडे दोन कपडे आहेत का? ही रिवायतही बुखारीत आहे. या एका उलट प्रश्नात मोठा धडा आहे. विचारणाऱ्याने नियम विचारला होता. उत्तर देणाऱ्याने समाजाकडे बोट दाखवले. ज्याच्याकडे एकच कपडा आहे त्याला समोर ठेवून नियम ठरला. हजरत आयेशा (र.) यांनीही सांगून ठेवले आहे की त्या काळी त्यांच्यातल्या बाईकडे एकच कपडा असे, मासिक पाळीतही तोच अंगावर असे आणि डाग लागला तर तोच स्वच्छ केला जाई.

आज आपल्यापैकी बहुतेकांची कपाटे भरलेली आहेत. ईदला एक जोड, लग्नाला एक, दाव्याला आणखी एक. त्यामुळे कपडा वाळला नाही तर आपले फार तर इस्त्रीवर भागते. दोन जोड असलेल्या माणसाचे तसे नसते. एक अंगावर आणि एक दोरीवर, एवढाच त्याचा संसार. दोरीवरचा वाळला नाही तर अंगावरचा मळका तसाच घालायचा, नाही तर ओला चढवायचा. थंडीत या दोहोंतून निवड करणे सोपे नाही. शपथ मोडल्याच्या कफ्फाऱ्यात कुरआनने दहा गरिबांना जेवू घालणे किंवा दहा गरिबांना कपडे देणे हे पर्याय शेजारी-शेजारी ठेवले आहेत (सूरह माइदा, आयत ८९). अन्न आणि वस्त्र एकाच तागडीत. आपण जकात-सदक्याचा विचार करताना धान्याच्या पोत्यापाशी थांबतो. कपडे देतो ते बहुधा आपल्या अंगावरून उतरलेले, जुने, बटणे तुटलेले. गरिबाला दुसरा जोड दिला म्हणजे त्याला एक दिवसाचे ऊन वापरता येईल अशी सोय केली, असा विचार आपण करत नाही.

दुसरी गोष्ट दिवसाची. ऊसतोडीचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. नंदुरबार, धुळ्याकडचे भिल्ल, पावरा, मावची कुटुंबे दर हंगामात कोयता घेऊन घर सोडतात. काही महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जातात, पुष्कळ जण दक्षिण गुजरातेत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकापासून बारडोली परिसरातल्या ऊसतोडीचा अभ्यास केला, तेव्हाही तिथे राबणारे मजूर मोठ्या प्रमाणात खान्देशातूनच गेलेले होते. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात फडावर जायचे, ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. परतायला संध्याकाळ होते, गाडी उशिरा आली तर रात्रही होते. राहायला पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी.

अशा बाईने कपडे कधी धुवायचे? धुणे निघते अंधार पडल्यावर किंवा पहाट फुटण्याआधी. कपडे पडतात झुडपावर किंवा कोपीच्या अंगावर, नेमके दव पडायच्या वेळेला. ऊन असते तेव्हा ती उसात असते आणि ती मोकळी होते तेव्हा ऊन गेलेले असते. तिच्या डोक्यावर दिवसभर सूर्य तळपत असतो, पण तिच्या लुगड्याच्या वाट्याला तो येत नाही. मग अर्धा वाळलेला कपडा अंगावर चढवून ती पुन्हा फडावर जाते, आणि तो वाळतो तिच्या अंगाच्या उष्णतेवर.

सूर्य सगळ्यांना सारखाच मिळतो, असे आपण मोठ्या भक्तिभावाने म्हणतो. अल्लाहकडून तो सारखाच येतो, यात शंका नाही. पण मजुराचा दिवस विकत घेतला की त्या दिवसातले ऊनही विकत घेतले जाते, हे आपण विसरतो. मजुरीच्या हिशोबात टनाचा भाव असतो, खाड्याचा दंड असतो. कपडा वाळवायच्या वेळेचा रकाना नसतो. घाम वाळण्यापूर्वी मजुराची मजुरी द्या, ही हदीस आपण मिंबरवरून वारंवार ऐकतो. त्याचा घाम कपड्यातून धुऊन तो कपडा वाळवायला त्याला वेळ मिळतो का, हे विचारणेही त्याच शिकवणीत बसते, असे मला वाटते. हा मजूर मुसलमान आहे की नाही, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. हुकूकुल इबाद म्हणजे बंद्यांचे हक्क. त्यात बंद्याचा धर्म विचारून हक्क ठरत नाही. आपल्या चहात विरघळणारी साखर त्या फडातूनच येते.

तिसरी गोष्ट जागेची, आणि इथे प्रश्न आपल्या मोहल्ल्यात येतो. खान्देशात जुनी घरे धाब्याची. मातीचे सपाट छप्पर, त्यावर मिरच्या, पापड, गोधड्या आणि कपडे वाळायचे. पिंजारी-मन्सुरी मंडळी हिवाळ्याच्या तोंडावर जुन्या गाद्यांतला कापूस काढून पिंजून द्यायची आणि नव्या भरलेल्या रजया उन्हात पडायच्या. आता धाबी जाऊन सिमेंटचे मजले आले. ज्याच्याकडे गच्ची आहे त्याला ऊन आहे. खालच्या भाडेकरूला, बोळातल्या मागच्या खोलीला ते मिळेलच असे नाही.

भिंतीचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. शहाद्याच्या अक्षांशावर जून महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच राहते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तोच सूर्य भर दुपारी दक्षिणेकडे ४५ अंशांपर्यंतच चढतो. म्हणजे दक्षिणेच्या बाजूला दहा फुटांची भिंत बांधली तर शेजाऱ्याच्या अंगणात भर दुपारीही दहा फूट सावली पडते, आणि सकाळी-संध्याकाळी त्याहून कितीतरी लांब. बांधकाम उन्हाळ्यात झाले तर बांधणाऱ्याला आणि शेजाऱ्याला, दोघांनाही काही जाणवत नाही. भिंतीने काय घेतले ते थंडी पडल्यावर कळते.

बरे, ती भिंत वाईट हेतूने बांधलेली असते असेही नाही. पुष्कळदा ती पर्द्यासाठीच असते. आपल्या घरातल्या बायकांना अंगणात मोकळेपणाने वावरता यावे म्हणून बांधलेल्या भिंतीने शेजारच्या बाईचे ऊन जाते. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात, तेव्हा काय करायचे?

या प्रश्नावर आपल्या परंपरेत विचार झालेला आहे. उस्मानी सल्तनतीत अहमद जौदत पाशा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिक्हच्या आधारे ‘मजल्ला’ ही दिवाणी संहिता तयार केली. तिच्यात शेजाऱ्यांच्या हक्कांवर सविस्तर कलमे आहेत. कलम १२०२ म्हणते, अंगण, स्वयंपाकघर, विहिरीचा काठ अशा बायकांच्या वावराच्या जागा शेजारून दिसणे हे मोठे नुकसान आहे आणि ते दूर करायला हवे. म्हणजे पर्द्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. त्याच्या आधीचे कलम १२०१ मात्र सांगते की घराची हवा किंवा समोरचा देखावा अडणे, ऊन आत येणे थांबणे, हे मूलभूत गरजेत बसत नाही. म्हणून ते मोठे नुकसान नव्हे. उजेडच इतका बंद झाला की खोलीत लिहिलेले वाचता येईना, तरच ते मोठे नुकसान.

फकीहांनी रेषा कुठे तरी ओढायचीच होती आणि त्यांनी ती विचार करूनच ओढली. प्रत्येकाला उन्हाचा हक्क दिला असता तर शहरात घर बांधणेच अशक्य झाले असते. पण गरज आणि सोय यांतली रेषा सर्व ऋतूंत आणि सर्व माणसांसाठी एकाच जागी राहते का? ज्याच्याकडे गच्ची आहे, चार जोड आहेत, त्याला अंगणातले ऊन ही सोय आहे. ज्या घरात तान्हे मूल आहे, त्याची दुपटी दिवसाला दहा वेळा ओली होतात आणि वाळवायला तेवढे एकच अंगण आहे, त्या घराला पौषातले ऊन ही गरज आहे. इजा करू नये आणि इजेच्या बदल्यातही इजा करू नये, हे प्रेषितांचे (स.) वचन याच मजल्लाने आपल्या सुरुवातीच्या सूत्रांत घेतलेले आहे. कायदा मोठ्या नुकसानीपासून वाचवतो. लहान नुकसान शेजाऱ्याच्या इमानावर सोडलेले असते.

शेजाऱ्याच्या हक्कांबद्दल आणखी एक रिवायत सांगितली जाते. तिच्यात शेजाऱ्याच्या परवानगीशिवाय आपली इमारत इतकी उंच करू नये की त्याचा वारा अडेल, असे आहे. मुहद्दिसांनी तिची सनद कमजोर मानली आहे, म्हणून तिच्यावर कायदा उभा करता येणार नाही. पण ‘परवानगीशिवाय’ हा शब्द मला मोलाचा वाटतो. भिंत बांधूच नका असे त्यात नाही. विचारा, असे आहे. विचारायला गेलेल्या माणसाला शेजारच्या अंगणात दोरी दिसते. कधी भिंत दोन फूट कमी होते, कधी वरच्या भागात जाळी बसते, कधी आपल्या गच्चीवर शेजारणीला एक दोरी बांधायची मुभा मिळते.

चौथी गोष्ट नजरेची. ही सर्वांत अवघड, कारण हिच्यात आपणच आपल्या घरातल्यांचे ऊन अडवतो.

बाईचे आतले कपडे आणि पाळीचे कापड बाहेर दिसू नये, हे आपल्याकडे, आणि आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडेही, घराच्या अब्रूचे चिन्ह मानले जाते. ते कापड मग पलंगाखाली, न्हाणीघराच्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याच्या आत दडवून वाळते. उन्हाळ्यात ते कसेबसे वाळते. थंडीत आणि पावसात वाळतच नाही, कुबट राहते आणि तसेच पुन्हा वापरले जाते. पाळीचे कापड साबणाने धुवून थेट उन्हात वाळवावे, दमट कापडातून जंतू-बुरशीचा संसर्ग होतो, हे आरोग्य कार्यकर्त्या वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. ऊन जंतू मारते. अंधार आणि ओल त्यांना वाढवते. आज शहरांत पॅड आले आहेत, पण गावाकडे आणि फडावर कापडाचा वापर संपलेला नाही.

फडावरच्या बायकांचे हाल कुठवर जातात याचा एक दाखला सरकारी कागदांत आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. याची कारणे अनेक आहेत: खाड्याचा दंड, कमी वयातली लग्ने आणि बाळंतपणे, डॉक्टरी सल्ल्यातला लोभ, पाण्याची आणि आडोशाची सोय नसणे. एका कापडावर त्याचा सगळा दोष टाकणे चुकीचे ठरेल. पण अंगाच्या दुखण्याबद्दल बोलायची लाज आणि ते कापड उन्हात घालायची लाज, या दोन्ही एकाच मुळातून येतात.

या लाजेला आपण हया म्हणतो. हया इमानचा भाग आहे, हे मान्य. पण प्रेषितांच्या (स.) दरबारात ही हया कशी होती ते पाहावे. अस्मा बिन्त अबी बकर (र.) यांच्या रिवायतीत येते की एका बाईने येऊन विचारले, कपड्याला पाळीचे रक्त लागले तर काय करावे? प्रेषितांनी (स.) तिला गप्प केले नाही, घरातल्या कोणाला विचार असेही म्हटले नाही. खरवडून काढ, पाण्याने चोळ, धू आणि त्यातच नमाज पढ, असे पायरी-पायरीने सांगितले. हे उत्तर पुढे पुरुषांनी पुरुषांना शिकवले, ग्रंथांत लिहिले, मदरशांत पढवले. चौदाशे वर्षे उघडपणे शिकवली गेलेली ही गोष्ट आपल्या अंगणात मात्र तोंडातून निघत नाही.

यावर कोणी म्हणेल, बोलणे वेगळे आणि उघड्यावर टांगणे वेगळे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. आपले आतले कपडे परक्याच्या नजरेला पडू नयेत असे एखाद्या बाईला मनापासून वाटत असेल तर तिच्या त्या इच्छेचा आदर व्हायला हवा. पण ती इच्छा आणि ऊन यांच्यात भांडण नाही. बाहेरच्या दोरीवर चादर आणि आतल्या दोरीवर ते कापड, ही युक्ती आपल्या आया-आज्यांना ठाऊक होतीच. गच्चीच्या कठड्याआड खाली बांधलेली दोरी, वर पातळ ओढणी, असे पाच-पन्नास उपाय आहेत. कापड डोळ्यांपासून लपवता येते. ते सूर्यापासून लपवायची गरज नाही. आणि डोळ्यांचे म्हणाल, तर सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवायचा हुकूम आधी पुरुषांना आहे, तिसाव्या आयतीत. स्त्रियांचा उल्लेख त्यानंतर, एकतिसाव्या आयतीत येतो. पहिला पर्दा पाहणाऱ्याच्या पापणीचा. तो त्याने पाळला नाही, म्हणून बाईने ओल सोसायची, हा कुठला न्याय?

नजरेचा हा जाच फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक वसाहतींच्या नियमांत बाहेर दोरीवर कपडे वाळत घालायला बंदी असे. दोरी म्हणजे गरिबीची खूण, घरांचे भाव उतरतात, हे त्यामागचे कारण. शेवटी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडोने २००८ मध्ये, व्हरमाँटने २००९ मध्ये अशा बंद्यांना वेसण घातली. मुंबई-पुण्याच्या कितीतरी सोसायट्यांत आजही दर्शनी बाजूला कपडे घालू देत नाहीत. कुठे अब्रूच्या नावाने, कुठे शोभेच्या नावाने, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी वापरणाऱ्याचे ऊन अडवले जाते.

एक शंका उरते. थंडी, ओल, कष्ट यांवर सब्र करणे ही आपली शिकवण नाही का? कडाक्याच्या थंडीत, जिवावर येत असतानाही पूर्ण वुजू करणाऱ्याचे दर्जे वाढतात, असे हदीस सांगते. तर मग ओल्या कपड्याची एवढी काळजी कशाला? याचे उत्तर मला असे दिसते: आपली थंडी आपण सोसली तर तो सब्र. दुसऱ्याला ती सोसायला लावून त्याला सब्राचा उपदेश केला तर ते वेगळेच काही. गरम पाण्याचा बंब मशिदीत आल्यावर वुजूचा सवाब कमी झाला, अशी तक्रार कोणी करत नाही. मग घरातल्या सुनेने, मागच्या खोलीतल्या भाडेकरणीने, कोपीतल्या ऊसतोड बाईने मात्र ओलीचा सवाब कमवावा, असे आपण का मानतो?

तहारत हा शब्द आपण फार एकट्याचा करून टाकला आहे. माझे वुजू, माझा कपडा, माझी जानमाज. माझा कपडा पाक आहे की नाही याची चौकशी करताना तो कोणाच्या उन्हात वाळला, याचीही चौकशी करायला हवी. तो धुणाऱ्या हातांना दुपारी मोकळीक होती का, माझ्या भिंतीची सावली कोणाच्या दोरीवर पडते, माझ्या घरातली मुलगी आपले कापड कुठे वाळवते, हे प्रश्न फिक्हच्या बाबात येत नाहीत, म्हणून मुफ्तींकडे जायची गरज नाही. उत्तर आपल्यालाच ठाऊक असते.

करण्यासारखे फार अवघड नाही. हिवाळ्यात कपडे द्यायचे तर पूर्ण जोड द्यावा, धुतलेला आणि वाळलेला. गच्ची असेल तर तिच्यावर एक दोरी दुसऱ्याची असू द्यावी. घरच्या मुलींना सांगावे की ऊन त्यांच्याही कपड्यांचे आहे, आणि हे मुलांच्या देखत सांगावे, म्हणजे नजरेचा धडाही त्यांना तिथेच मिळेल. ज्यांच्या हाताखाली मजूर आहेत त्यांनी आठवड्यातला एक अर्धा दिवस, तोही उन्हाचा, त्यांच्यासाठी सोडावा आणि मुक्कामाच्या जागी पाणी, आडोसा आणि दोरी पाहावी. कारखाने, ग्रामपंचायती, संस्था यांच्याकडे मागायची ती मागणीही एवढीच साधी आहे.

पौषाचे दिवस लहान असतात. पाच वाजले की ऊन सातपुड्याच्या सोंडेवर चढते आणि अंगणे गार पडू लागतात. तेवढ्या वेळात जितक्या दोऱ्यांना ते मिळेल तितके बरे.